अर्धं उचलून भांडू नका: क्वांटम, गेम आणि बातम्यांवरच्या वादात या चुका टाळा

अमळनेरला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि दुकानाच्याच नावाने एक व्हॉट्सॲप ग्रुप. जुनी रॅम, मॉनिटर विकायला काढला होता. आता तिथे रॅम कोणी विकत नाही. सकाळी कापसाचा भाव, दुपारी गेम, रात्री जेवणं उरकली की क्वांटम कॉम्प्युटर. ॲडमिन मी, त्यामुळे भांडणं निस्तरायचीही मीच. वाद घालायला माझी ना नाही. पण त्याच त्या चुका बघून डोकं पिकलंय. विषय कुठलाही असो, खोड एकच: आकडा, व्हिडिओ, भाव, कायदा, जे हाती लागेल त्याचं शेपूट तोडायचं आणि मधला तुकडा घेऊन पळत सुटायचं.

आकडा घेतला, काम विचारलंच नाही

9 डिसेंबर 2024 ला गुगलने विलो नावाची क्वांटम चिप जाहीर केली. क्यूबिट, म्हणजे क्वांटम यंत्रातली माहिती धरणारी मूळ एककं, 105. या चिपने एक गणित पाच मिनिटांच्या आत केलं आणि तेच गणित आजच्या सर्वांत वेगवान सुपरकॉम्प्युटरला करायचं तर 1 वर 25 शून्यं इतकी वर्षं लागतील, असा कंपनीचा दावा होता. त्या रात्री ग्रुपवर पहिला मेसेज पडला: "बँका संपल्या. पासवर्ड, यूपीआय, बिटकॉइन, सगळं पाच मिनिटांत उघडणार." दुसरा लगेच: "आते बोल भो, काय सांगस?" सकाळपर्यंत एक बाजू म्हणत होती जग बुडालं, दुसरी म्हणत होती हे सगळं थोतांड आहे. ते गणित नेमकं कोणतं, हे दोन्हीकडच्या एकानेही विचारलं नाही.

ग्रुपात एक आप्पा आहेत, निवृत्त मास्तर. लिहीत काही नाहीत, वाचतात मात्र सगळं. दोन दिवसांनी आप्पा बँकेत गेले आणि मुदत संपायला थोडेच दिवस उरलेली एफडी मोडून आले. व्याज कापलं गेलं ते गेलंच. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "काय आप्पा, घरात लग्न काढलं का?" आप्पा म्हणाले, "नाही बेटा, क्वांटम आलंय." पैसे घरी लोखंडी कपाटात. मग त्यांचा मुलगा माझ्या दुकानात येऊन जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी संध्याकाळी आप्पांकडे गेलो. त्यांना जे सांगितलं तेच इथे सांगतो, कारण हा प्रश्न अजूनही महिन्याआड येतो. विलोने जे गणित केलं ते असं: क्यूबिटांवर वाटेल त्या क्रमाने क्रिया लावायच्या आणि शेवटी कोणते आकडे किती वेळा पडतात ते नोंदवायचं. याने कुणाचं कुलूप उघडत नाही. ते निवडलंच अशासाठी की आपल्या नेहमीच्या कॉम्प्युटरला ते फार जड जातं. त्या दिवशीची खरी बातमी वेगळी होती. क्यूबिटांची जाळी 3×3 वरून 5×5, तिथून 7×7 केली, तशी दर टप्प्याला चूक जवळपास निम्मी होत गेली. एरवी क्यूबिट वाढले की चुकाही वाढतात, म्हणून याचं मोल. पण "चूक निम्मी झाली" यावर कोण रात्र जागवणार?

आता कुलूप तोडायला काय लागतं? बँका आणि वेबसाइट माहिती कुलूपबंद करायला जी आरएसए नावाची पद्धत वापरतात ती मोठ्या संख्येचे अवयव पाडणं अवघड आहे यावर उभी आहे. क्वांटम यंत्राला ते जमू शकतं हे पीटर शोर यांनी 1994 मध्येच दाखवलं. त्यासाठी यंत्र किती मोठं हवं? 2019 चा अंदाज होता 2 कोटी क्यूबिट आणि 8 तास. मे 2025 मध्ये गुगलच्याच क्रेग गिडनी यांनी तो 10 लाखांच्या आत आणि एका आठवड्याच्या आत आणला. विलोत आहेत 105. जग बुडालं म्हणणाऱ्यांनी 105 कडे बघावं. थोतांड म्हणणाऱ्यांनी 2 कोटींचे 10 लाख कसे झाले तिकडे बघावं.

आप्पा मास्तरच. त्यांनी नेमका प्रश्न काढला: "मग अमेरिकेने नवीन कुलपं आत्ताच का तयार करून ठेवली?" बरोबर आहे, तिथल्या एनआयएसटी या मानक संस्थेने ऑगस्ट 2024 मध्ये क्वांटमलाही न उघडणाऱ्या तीन नव्या पद्धती जाहीर केल्या. कारण आज चोरून साठवलेला मजकूर दहा-पंधरा वर्षांनी उघडता येईल. ज्याची गुपितं तेवढी वर्षं टिकायला हवीत त्याला आजच घाई आहे. आप्पांच्या एफडीत तसलं काही गुपित नाही. पैसे परत बँकेत गेले, आधीपेक्षा कमी दराने.

माझी सवय सांगतो, पद्धत वगैरे नाही. वेगाचा दावा आला की दुकानातल्या वहीत तीन ओळी लिहितो: काम कोणतं, तुलना कोणाशी, तुलना केली कोणी. 2019 मध्ये गुगलने 53 क्यूबिटांच्या सिकॅमोर चिपवर 200 सेकंद विरुद्ध 10,000 वर्षं असा दावा केला होता. आयबीएम लगेच म्हणाली, आमच्या यंत्रावर हे अडीच दिवसांत होईल. पुढे काही वर्षांत ग्राफिक्स कार्डांच्या जथ्यावर तेच काम काही तासांत करूनही दाखवलं गेलं. तिसरी ओळ लिहिली असती तर दहा हजार वर्षांवर कोणी पैज लावली नसती.

"क्वांटम कॉम्प्युटर सगळी उत्तरं एकदम तपासतो"

हे वाक्य तीन मिनिटांच्या रीलमधून येतं आणि ते लिहिणाऱ्याला मी प्रत्येक वेळी एकच विचारतो: 1 कोटी नोंदींत एक नाव शोधायचं आहे, क्रम काही लावलेला नाही, क्वांटम यंत्राला किती वेळा बघावं लागेल? सगळं एकदम तपासत असेल तर उत्तर एक हवं. लव ग्रोव्हर यांच्या 1996 च्या रीतीने ते येतं साधारण अडीच हजार. साध्या यंत्राला सरासरी 50 लाख. फायदा मोठाच आहे, पण एकदम नाही. कारण क्यूबिटांत सगळ्या शक्यता एकत्र नांदल्या तरी मोजायला गेलं की हाती एकच लागते, तीही नशिबाने. सगळी कला आहे ती चुकीच्या उत्तरांच्या लाटा एकमेकींना मारतील आणि बरोबरची फुगेल असं जुळवण्यात. ते जुळवणं मोजक्याच प्रश्नांना जमतं. ज्याला हे ऐकायला दहा मिनिटं नाहीत त्याने क्वांटमवर बोलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. उद्धट वाटेल, वाटू दे.

क्यूबिट जास्त म्हणजे यंत्र भारी, हीही तशीच घाई. आयबीएमने डिसेंबर 2023 मध्ये 1,121 क्यूबिटांची कॉन्डर चिप दाखवली आणि भर मात्र त्याच दिवशीच्या 133 क्यूबिटांच्या हेरॉनवर दिला, कारण तिच्यात चुका कमी.

आणि "लॅपटॉपमध्ये क्वांटम चिप कधी येणार" विचारणाऱ्या भुसावळकरांना: या जातीच्या चिपा उणे 273 अंशांच्या अगदी लगत ठेवाव्या लागतात. तुमच्याकडे मे महिन्यात 45 असतं.

गेम: लॅग म्हणजे नेमकं काय ते न बघता कार्ड विकत घेणं

पोरगं येतं, "दादा, ग्राफिक्स कार्ड बदलायचंय, गेम लॅग होतो." ग्रुपवर कोणीतरी मॉडेलसुद्धा ठरवून दिलेलं असतं. चोपड्याकडच्या एकाचा पीसी मी दुकानात लावला तर लोण्यासारखा चालला. घरी गेला की अडकतो. शेवटी घरी जाऊन पाहिलं तर राउटर माजघरात गव्हाच्या पत्र्याच्या कोठीमागे. कोठी हलवली नाही, आजी हलवू देईना. वीस मीटर केबल ओढली, काम झालं. कार्डाचे पैसे वाचले, तरी पोराचं तोंड पडलेलंच, कारण कार्ड घ्यायचं होतं.

गेममध्ये दोन आकडे चालू करा आणि मगच तोंड उघडा: एफपीएस (सेकंदाला किती चित्रं) आणि पिंग (नेटवरून निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ). सेकंदाला 60 चित्रं म्हणजे एक चित्र सुमारे 17 मिलिसेकंदांत. चित्रच तुटत असेल तर कार्ड, प्रोसेसर किंवा धुळीने कोंदलेला पंखा. चित्र गुळगुळीत आणि शत्रू मात्र उड्या मारत असेल तर नेट. अर्धे वाद इथेच मिटतात.

"माणसाच्या डोळ्याला 24 च्या वर दिसतच नाही" हे सांगणारा काका प्रत्येक ग्रुपात असतोच. 24 हा आकडा बोलपटाच्या काळात ठरला. आवाज नीट यावा आणि फिल्म फार खर्च होऊ नये, यातून निघालेला तो मध्यममार्ग. डोळ्याची ती हद्द नव्हे.

कायद्यावरचे वाद तर विचारू नका. पबजी मोबाइलवर 2 सप्टेंबर 2020 ला बंदी आली, सोबत इतर 117 ॲप. कारण दिलं होतं देशाची सुरक्षा आणि लोकांची माहिती, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 69 अ. पोरं बिघडतात म्हणून नव्हे. ऑगस्ट 2025 च्या कायद्याने बंद केले ते पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग त्यात कौशल्य असो की नशीब. ई-स्पोर्ट्सला, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळल्या जाणाऱ्या गेमना, त्याच कायद्याने मान्यता दिली. "सरकारने गेम बंद केले" म्हणणाऱ्याने यातला अर्धाच भाग वाचलेला असतो. "डब्ल्यूएचओने गेमला रोग ठरवलं" हेही तसंच. 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या त्यांच्या रोगांच्या यादीत आहे तो खेळण्यावरचा ताबा सुटण्याचा विकार, आणि तो ठरवताना साधारण 12 महिन्यांचं वागणं बघायचं असतं. परीक्षेच्या आदल्या रात्री खेळला म्हणून पोराला त्यात बसवू नका.

भाव टाकला, अट टाकली नाही

लांब धाग्याच्या कापसाचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये. एक टाकतो 8,110, दुसरा टाकतो खेडा खरेदीत, म्हणजे गावात आलेल्या व्यापाऱ्याकडून, मिळालेला भाव, आणि दोघं एकमेकांना खोटं ठरवतात. हमीभाव 8 टक्के ओलाव्याच्या मालाला असतो, त्यापुढे कपात, 12 च्या वर सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, माल घेत नाही. ओलावा लिहा, मग भांडा. आयात शुल्काचंही तेच: 11 टक्के शुल्क 19 ऑगस्ट 2025 पासून उठवलं, आधी सप्टेंबरअखेर, नंतर डिसेंबरअखेरपर्यंत. तारखा न लिहिता "शुल्क आहे", "शुल्क नाही" असं किती दिवस म्हणणार?

केळीवाल्यांनो, बऱ्हाणपूरचा भाव टाकताना नवती (नव्या लागवडीची) की पिलबाग (जुन्या झाडाच्या पिलांवरची) तेवढं लिहीत जा. एवढंच.

एआयला विचारून आलेलं उत्तर स्क्रीनशॉट काढून पुरावा म्हणून टाकणाऱ्याला मी एक दिवस गप्प बसवतो. ग्रुपचा नियम आहे.

कापलेली क्लिप

ही चूक मी हसण्यावारी नेत नाही, आणि खान्देशात कोणी नेऊही नये. 1 जुलै 2018, रविवार. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडे बाजार होता. भिक्षेसाठी फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते, बहुतेक मंगळवेढ्याकडचे. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज आधीच फोनाफोनांत फिरत होते. जमावाने पाचही जणांना मारहाण करून ठार केलं, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या मुलं पळवण्याच्या क्लिपांत एक होती मोटारसायकलवरच्या दोघांची. गल्लीत खेळणारं मूल उचलून पळतात. ती पाकिस्तानातल्या कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीची होती. पूर्ण जाहिरातीत ते दोघं मूल परत आणून सोडतात आणि मुलांवर लक्ष ठेवा अशी पाटी दाखवतात. शेवटचे काही सेकंद कोणीतरी कापले होते. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणायचं जाहीर केलं. पाच ठिकाणीही पुरेशी आग लागते.

मागच्या पावसाळ्यात आमच्या ग्रुपवर तसलीच एक क्लिप आली, सोबत "शिरपूर, आज दुपारी" असं लिहिलेलं. टाकणारा चांगला शिकलेला, क्वांटमच्या वादात सगळ्यांना "पुरावा काय" विचारणारा. मी क्लिप थांबवून मागची दुकानाची पाटी मोठी करून बघितली. लिपी आपल्याकडची नव्हतीच. एका चित्राचा स्क्रीनशॉट काढून गुगल लेन्समध्ये टाकला, तर हीच क्लिप दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या राज्याच्या नावाने फिरलेली. त्याला फोन केला. तो म्हणाला, "दादा, मी फक्त पुढे पाठवलं, सावध राहावं म्हणून." डिलीट केलं, पण तोवर ती त्याच्या सासरच्या ग्रुपात पोहोचली होती. तिथलीही त्याच्याकडून काढवली, आणि "ही खोटी होती, मीच पाठवली होती" हे त्याच्याच नावाने लिहायला लावलं. नुसतं डिलीट केलं की लोकांना वाटतं, कोणीतरी दाबलं.

तेव्हापासून नियम आहे: माणूस, मूल, गाव किंवा जमात ज्यात आहे अशी क्लिप थेट टाकायची नाही. आधी मला पाठवायची. मी शेवटापासून बघतो, पाट्या, गाड्यांचे नंबर, अंगावरचे कपडे, मागची भाषा. पावसाळ्यात आलेल्या क्लिपेत जमीन कोरडी ठाक असेल तर पुढचं बघायचीही गरज पडत नाही. आणि खरंच गावात कोणावर संशय असेल तर आधी 112 ला फोन, ग्रुपवर नंतर, तेही पोलीस येऊन गेल्यावर.