सीपीके १.६७ आला आणि मी फसलो

सीपी आणि सीपीके म्हणजे प्रोसेस ड्रॉइंगच्या मर्यादांमध्ये किती आरामात बसते ते सांगणारे आकडे. सूत्रं तुम्हाला येतात असं धरतो. टॉलरन्सची (खालच्या ते वरच्या मर्यादेची) पूर्ण रुंदी भागिले सहा सिग्मा (मापांचं प्रमाण विचलन) म्हणजे सीपी. सरासरीपासून जवळच्या मर्यादेपर्यंतचं अंतर भागिले तीन सिग्मा म्हणजे सीपीके. मलाही हे तोंडपाठ होतं. त्याचाच माज नडला.

शाफ्टचा व्यास २०.०० ± ०.०३ मिमी. ग्राहकाला सीपीके १.६७ हवा होता, तोही संध्याकाळच्या आत. मी नवं इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) लावायला लावलं, मशीन नीट तापू दिलं आणि ओळीने निघालेले ५० जॉब (म्हणजे तयार शाफ्ट) मोजले. सरासरी २०.००५, सिग्मा ०.००५. ०.०२५ भागिले ०.०१५, म्हणजे १.६७. रिपोर्ट पाठवून मी निवांत.

पंधरा दिवसांत जॉब परत यायला लागले. मग सगळ्या शिफ्टमधले जॉब मोजले, तर सरासरी २०.०१२ आणि सिग्मा ०.०१०. सगळी मापं एकत्र घेऊन काढलेल्या सिग्मावर बेतलेला, म्हणून सीपीके नव्हे, खरं तर पीपीके म्हणायचं याला: ०.०१८ भागिले ०.०३०, म्हणजे ०.६०. शंभरात साडेतीनच्या आसपास जॉब वरच्या मर्यादेबाहेर.

आकडेमोड दोन्ही वेळा बरोबर होती. पण त्या ५० जॉबांनी पाहिलं होतं काय? एक इन्सर्ट, एक ऑपरेटर, एकाच लॉटचा बार. इन्सर्ट झिजतं तसा बाहेरचा व्यास वाढत जातो. ऑपरेटर ऑफसेट (मशीनमध्ये टूलच्या जागेची दुरुस्ती) देतो की आकडा पुन्हा खाली येतो. हे चढउतार माझ्या नमुन्यात शिरलेच नाहीत, मग सिग्मात कुठून येणार?

म्हणून आधी कंट्रोल चार्ट, म्हणजे प्रत्येक गटाची सरासरी आणि रेंज (सगळ्यात मोठं उणे सगळ्यात छोटं माप) वेळेच्या क्रमाने मांडलेला आलेख. ठरावीक वेळाने सलग ५ जॉब, असे निदान २५ गट, आणि मध्ये इन्सर्ट, शिफ्ट, लॉट बदललेले हवेत. सरासरी रेंज भागिले २.३२६ (पाचाच्या गटासाठी ठरलेला आकडा) हा गटांच्या आतला सिग्मा. सगळी मापं एकत्र घेऊन काढलेला वेगळा. दोन्हीत मोठी तफावत दिसली तर प्रोसेस सरकते आहे. चार्ट स्थिर नसेल तर सीपीके काढूच नका, साहेब कितीही मागे लागू देत. आणि सरासरीच्या चार्टवर ड्रॉइंगच्या मर्यादा आखू नका. त्या मर्यादा एकेका जॉबसाठी असतात, पाचाची सरासरी मुळातच कमी हलते. मायक्रोमीटरची खात्री आधी करायची, हे सांगायला नको.

तयार एक्सेल शीट देऊन 'फक्त आकडे भर' म्हणणारा सीनियर भेटला तर जरा सांभाळून. मला तसाच भेटला होता.

सुरुवातीला घोळ होतोच, घाबरू नका. पहिला चार्ट वेडावाकडा आला तर उलट बरंच, काहीतरी दिसलं तरी. फक्त प्रत्येक जॉबमागे ऑफसेट हलवू नका. जेवढी चूक तेवढी दुरुस्ती दर वेळी केली, तर स्थिर प्रोसेसमधलं व्हेरियन्स (सिग्माचा वर्ग) दुप्पट होतं. ऑफसेट दिला की चार्टवर वेळ लिहा.

आमच्या जुन्या ऑपरेटरला नंतर विचारलं, तेव्हा जॉब पुसता पुसता ते म्हणाले, "शिफ्ट संपायला आली की हे इन्सर्ट वर चढतंच. तुम्ही सकाळीच मोजून गेलात."