गंजीची राखण करणारा जुना लॅपटॉप

दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीन कापून गंजी लागते, आणि थ्रेशरचा नंबर येईपर्यंत घरातल्या एकाला वावरात जागलीला जावंच लागतं. आमचं गाव टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूचं. जंगलात वाघ आहेत, रात्री रोही (नीलगाई) आणि रानडुकरं वावरात उतरतात, आणि गंजीला काडी लावणारी माणसंही असतात. बाबांनी उघड्यावर झोपू नये म्हणून मी वावरातल्या खोलीत जुना लॅपटॉप आणि वेबकॅम बसवला. आता बाबा दाराला कडी लावून आत झोपतात, आणि गंजीजवळ काही हाललं की लॅपटॉप वाजतो. बसवायला तासभर पुरतो. खरी मेहनत आहे ती त्यानं उगाच वाजू नये यासाठी.

सामान

लॅपटॉप कितीही जुना चालेल, पण बॅटरी थोडी तरी टिकणारी हवी, कारण लाइन कधी जाईल याचा नेम नाही. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम टाका. ते फुकट आहे. यूएसबीचा साधा वेबकॅम घ्या आणि त्याची वायर ५ मीटरच्या वर लांबवू नका. त्यापुढे कॅमेऱ्याचं कनेक्शन मध्येच तुटतं.

वेबकॅमला अंधारात दिसत नाही, म्हणून गंजीवर उजेड लागतोच. लाइन गेल्यावरही काही तास जळणारा चार्जिंगचा बल्ब लावा. तो कॅमेऱ्याशेजारी मात्र लावू नका. उजेडावर किडे येतात, आणि भिंगासमोरून गेलेला किडा कॅमेऱ्याला बैलाएवढा दिसतो. आम्ही बल्ब गंजीच्या बाजूच्या खांबावर नेला.

सॉफ्टवेअर बसवणं

मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये ‘मोशन’ हे कॅमेऱ्यातली हालचाल टिपणारं सॉफ्टवेअर शोधा आणि इन्स्टॉल करा. चित्रं रंगवायचं ‘गिंप’ नसेल तर तेही आत्ताच करा, पुढे लागेल. यापुढे इंटरनेट लागत नाही. त्याची सेटिंगची फाइल ‘ईटीसी’ फोल्डरातल्या ‘मोशन’ फोल्डरात असते. मूळ फाइलला हात लावू नका. होम फोल्डरात ‘मोशन’ नावाचं फोल्डर करा, नावाच्या आधी एक टिंब द्या, आणि फाइलची प्रत त्यात ठेवा. टिंबामुळे ते फोल्डर लपतं. कंट्रोल आणि एच दाबलं की दिसतं.

ती प्रत साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते. ‘टार्गेट डिर’ समोर फोटो ठेवायच्या फोल्डराचा पत्ता द्या, ‘लॉग फाइल’चा पत्ताही आपल्याच फोल्डरातला करा. ‘डेमन’ ऑफ ठेवा. मग टर्मिनलमध्ये इंग्रजी लहान अक्षरांत मोशन लिहून एंटर दाबा, ब्राउझरमध्ये पत्त्याच्या जागी localhost:8081 लिहा (लोकलहोस्ट म्हणजे हाच लॅपटॉप). गंजी दिसली की बसवणं झालं. दिसली नाही तर कॅमेरा वापरणारं दुसरं एखादं ॲप उघडं आहे का ते आधी पाहा.

उगाच वाजू नये म्हणून

पहिल्या रात्री आमच्याकडे फोटोंचा ढीग पडला आणि त्यात ना माणूस होता ना जनावर. तिसऱ्यांदा उठल्यावर बाबा म्हणाले, “याले त पान हाल्लं तरी चोर दिसते. किती डाव उठू मी?” चौथ्यांदा ते उठलेच नाहीत. ज्याच्यावर भरवसा नाही असा राखणदार काय कामाचा? म्हणून पुढचं सगळं नीट वाचा.

मोशन माणूस ओळखत नाही. ते आधीचं चित्र आणि आत्ताचं चित्र ताडून पाहतं आणि किती टिंबं (पिक्सेल) बदलली ते मोजतं. ६४० बाय ४८० च्या चित्रात ३,०७,२०० टिंबं असतात. ‘थ्रेशोल्ड’ मुळात १५०० असतो, म्हणजे अर्धा टक्का चित्र बदललं तरी ते वाजतं. आपला आकडा आपणच काढायचा. ‘टेक्स्ट चेंजेस’ ऑन करा, म्हणजे चित्राच्या वरच्या कोपऱ्यात बदललेल्या टिंबांची संख्या दिसते. रात्री, बल्बच्या उजेडात, एकानं गंजीच्या पलीकडच्या कडेनं चालायचं आणि दुसऱ्यानं आकडा लिहायचा. नंतर कोणी नसताना फक्त वारा सुटलेला आकडा लिहा. आमच्याकडे वाऱ्याचा आकडा ९०० च्या आसपास होता, माणसाचा २८०० च्या वर. आम्ही थ्रेशोल्ड २००० ठेवला. दिवसा काढलेला आकडा रात्री उपयोगाचा नाही.

किड्यांसाठी ‘फ्रेमरेट’ (सेकंदाला किती चित्रं) ५ आणि ‘मिनिमम मोशन फ्रेम्स’ ४ करा. किडा एका-दोन चित्रांत निघून जातो. माणूस किंवा डुक्कर तेवढ्यात जात नाही. लाइन आली-गेली की सगळं चित्र एकदम बदलतं, त्यासाठी ‘लाइटस्विच पर्सेंट’ ५० ठेवा.

धुऱ्यावरचं झाड मात्र या आकड्यांनी आवरत नाही. त्याला मास्क लागतो. कॅमेऱ्याचा एक फोटो गिंपमध्ये उघडा, ग्रेस्केल करा, गंजी आणि तिच्याभोवतीची जागा पांढरी रंगवा, बाकी सगळं काळं करा. चित्राचा आकार बदलू नका. पीजीएम प्रकारात, ‘रॉ’ निवडून साठवा आणि तिचा पत्ता ‘मास्क फाइल’समोर लिहा. काळ्या भागातली हालचाल मोजली जात नाही. आम्ही पांदणीचा रस्ताही काळा केला, म्हणजे पहाटे पाण्याच्या पाळीला जाणाऱ्यांमुळे लॅपटॉप वाजत नाही.

आवाज आणि फोटो

‘ऑन इव्हेंट स्टार्ट’ समोर ‘एप्ले’ (aplay, आवाज वाजवणारी कमांड) आणि आवाजाच्या वेव्ह फाइलचा पत्ता लिहा. हालचाल सुरू झाली की तो वाजतो, आणि मध्ये ६० सेकंदांची शांतता गेल्याशिवाय पुन्हा वाजत नाही. ‘पिक्चर आउटपुट’ला ‘बेस्ट’ द्या, म्हणजे एका हालचालीचा एकच, सगळ्यात जास्त बदलाचा फोटो राहतो. ‘मूव्ही आउटपुट’ ऑफ करा. जुन्या लॅपटॉपला तेवढाच आराम.

मोबाईलवर पाहायचं असेल तर आधी स्ट्रीमला, म्हणजे ब्राउझरमध्ये दिसणाऱ्या चालू चित्राला, पासवर्ड द्या, मगच ‘स्ट्रीम लोकलहोस्ट’ ऑफ करा.

लॅपटॉपची तारीख-वेळ रोज संध्याकाळी तपासा. जुन्या लॅपटॉपमधला बटण सेल संपलेला असतो, बॅटरी पूर्ण उतरली की घड्याळ मागे जातं. डुकरांनी नुकसान केलं आणि वनविभागाकडे अर्ज करायची वेळ आली, तर चुकीच्या तारखेचा फोटो कोण मानणार?

पॉवरच्या सेटिंगमध्ये झाकण लावल्यावर लॅपटॉप झोपणार नाही असं करून ठेवा. ‘स्टार्टअप ॲप्लिकेशन्स’मध्ये मोशन घाला, लॉगिन आपोआप होऊ द्या, म्हणजे बाबांना फक्त बटण दाबायचं राहतं.

लॅपटॉप वाजला की आधी स्क्रीन पाहायची, दार नंतर. माणूस दिसला तर आतूनच शेजारच्या वावरातल्यांना फोन. रोही, डुक्कर दिसलं तर आतूनच डबा वाजवायचा. पट्टे दिसले तर उजाडेपर्यंत कडी काढायची नाही, गंजीचं काही का होईना. आणि दिवस मावळायच्या आत भिंगावरचं कोळ्याचं जाळं फडक्यानं पुसून घ्यायचं. ते रोज नव्यानं लागतं.