वॉशिंग मशीन लावलं की अख्ख्या घराची लाईट जाते? आधी घड्याळ बघा

गेल्या जुलैत, चवथ (गणेश चतुर्थी) महिन्यावर आलेली, पडदे-चादरी सगळं धुवायला काढलेलं आणि आमचं मशीन लावलं की आठ-दहा मिनिटांत खाट्‌ करून अख्खं घर काळोखात. फ्रिज बंद, पंखे बंद, आई न्हाणीतून ओरडतेय. मेकॅनिक आला, मशीन उघडलंसुद्धा नाही आणि म्हणाला पीसीबी (मशीनचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) गेला, सात हजार. मी म्हटलं थांब जरा. शेवटी निघाला मशीनमधला पाणी तापवणारा हीटर, हजाराच्या आतबाहेर काम झालं. म्हणून हे लिहितोय, आमच्या गोव्यात डिचोलीत काय आणि म्हापशात काय, पावसात हे प्रत्येक दुसऱ्या घरात होतं.

सगळ्यात आधी घराच्या मेन बोर्डाकडे जाऊन बघा की पडलं काय. बारका एकेरी एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) पडला असेल तर लोड जास्त झालाय किंवा शॉर्ट आहे. पण टी लिहिलेलं बटण असलेला रुंद स्विच पडला, ज्याला आपण ईएलसीबी म्हणतो (हल्ली त्यावर आरसीसीबी छापलेलं असतं), तर करंट कुठेतरी जमिनीत गळतोय. फेजमधून (करंट आणणारी तार) गेलेला करंट न्यूट्रलमधून (परत नेणारी तार) परत यायला हवा, त्यात फरक पडला की तो पडतो. घरगुती ईएलसीबी बहुतेक ३० मिलीअँपिअरचा असतो आणि नियमाप्रमाणे १५ ते ३० च्या मध्ये कुठेही पडू शकतो, म्हणजे थोडीशी गळतीसुद्धा पुरे.

एमसीबीचं पटकन सांगतो. १६ अँपिअरच्या एकाच लाईनवर २००० वॉटचा गीझर आणि हीटरवालं मशीन दोन्ही असेल तर १७ अँपिअरच्या वर जातं, एमसीबी लगेच नाही पडत, तापून तापून बऱ्याच वेळाने पडू शकतो. दोन्ही एकदम लावू नका, झालं. लावल्या लावल्या ठाप्‌ करून पडला तर शॉर्ट, तिथे वायरमनच.

आता ईएलसीबी. मशीनचा प्लग काढा. नुसता स्विच बंद करून चालत नाही, कारण आपला सॉकेटचा स्विच फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो, आणि मशीनच्या आत न्यूट्रल बॉडीला टेकला असेल तर स्विच बंद असतानाही ईएलसीबी पडतो. लोक इथेच फसतात, म्हणतात मशीन तर बंद होतं! प्लग काढूनही पडत असेल तर मशीन निर्दोष, दुसरीकडे शोधा. प्लग काढल्यावर थांबलं तर मशीन दुसऱ्या भिंतीवरच्या १६ अँपिअरच्या पॉइंटला लावून बघा (बारीक एक्स्टेंशनवर नको). तिथे नीट चाललं तर दोष पहिल्या सॉकेटचा. आमच्याकडे चिऱ्याच्या भिंती, पावसाच्या बाजूची भिंत पाझरते आणि ते पाणी पाइपातून सॉकेटच्या डब्यात उतरतं, हे मी स्वतः मावशीकडे बघितलंय, डबा उघडला तर स्क्रू हिरवे आणि आत पालीचा सांगाडा.

दोन्हीकडे पडतंय? मग घड्याळ लावून बसा आणि मशीन काय करत असताना पडतं ते कागदावर लिहा. सगळी मेख इथेच आहे. प्लग घालताच पडलं तर वायर, प्लग किंवा आतला नॉइज फिल्टर. पाणी भरताना पडलं तर इनलेट व्हॉल्व्ह किंवा त्याच्यावर ठिबकणारा पाइप. पाणी सोडताना, ड्रेन पंप. ड्रम जोरात फिरताना पडलं तर मोटर, नाहीतर हादऱ्याने घासून सोललेली वायर. आणि पाणी भरून, दोन-चार वेळा ड्रम फिरून मग पडलं, तर दहातले आठ वेळा हीटर, म्हणजे माझ्या अंदाजाने हो, मोजलेलं नाही. खात्री करायची तर तेच कपडे थंड पाण्याच्या प्रोग्रॅमवर लावा. थंडात पूर्ण झालं आणि ४० डिग्रीवर पडलं की हीटरवर बोट ठेवायला हरकत नाही. साध्या टॉप लोडमध्ये सहसा हीटरच नसतो, तिथे हा प्रश्न मिटला.

हीटर का जातो, तर नळीच्या आत तार आणि भोवती पांढरी पावडर असते, मॅग्नेशियम ऑक्साइड, ती ओल ओढते. बोअरच्या पाण्याने वरून क्षार चढतात, नळी जास्त तापते, कुठेतरी केसाएवढी चीर पडते. आमचा काढला तेव्हा भाकरीच्या पापुद्र्यासारखे क्षार सुटत होते आणि वाकणापाशी चिंचोक्याएवढा फुगवटा. मल्टिमीटर असेल तर प्लग काढून, दहा मिनिटं थांबून (मशीनच्या बोर्डात चार्ज राहतो), हीटरच्या दोन्ही वायरी सोडवून मोजा, २००० वॉटच्या आसपासचा असेल तर २५ ते ३० ओहम यायला हवेत, आणि टोक ते बॉडी काहीच यायला नको. तिथे आकडा दिसला की हीटर गेला. नाही दिसला तरी सुटला असं नाही, मीटरचा व्होल्टेज फार कमी, खरं निदान ५०० व्होल्टच्या मेगरवरच (गळती तपासायचा मीटर) होतं. हे हात घालायचं काम जमत नसेल तर कागद मेकॅनिकच्या हातात द्या, तो पीसीबीचं नाव काढायच्या आधी दोनदा विचार करेल.

कधीकधी मशीन एकटं दोषी नसतंच. इन्व्हर्टर फ्रिज, कॉम्प्युटर, सगळ्यांच्या फिल्टरमधून थोडं थोडं गळतं आणि मशीन लागलं की बेरीज भरते. बाकी सगळ्यांचे प्लग काढून एकटं मशीन चालवून बघा. घराच्या बॅटरी इन्व्हर्टरचा न्यूट्रल दुसऱ्या लाईनमध्ये मिसळला असेल तरी हेच होतं.

एक वायरमन मला म्हणालेला, ईएलसीबी डायरेक्ट करून (म्हणजे तो वगळून वायर थेट जोडून) देतो, कटकट संपेल. अजिबात करू देऊ नका. अर्थची पिन कापून दोन पिनवर चालवणं तर त्याहून वाईट, मग गळती अर्थमधून न जाता बॉडीवर थांबते आणि ओल्या लादीवर अनवाणी उभं राहून कपडे काढणारी आपलीच माणसं. बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या आणि ईएलसीबी पडला नाही, तर अर्थिंग तपासून घ्या, जांभ्याच्या जमिनीत मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो.

आणि हो, मशीन पडवीत असेल तर मागे वाकून टॉर्च मारा. खालून बऱ्याच मशीनना तळ नसतो, उंदीर सरळ आत. लेंड्या दिसल्या किंवा वायरीचं तांबं चमकलं तर ते वरचं सगळं सोडा, आधी प्लग काढा.