झेडएफ ६एचपी गिअरबॉक्सची व्हॉल्व्ह बॉडी उघडताना

झेडएफ या जर्मन कंपनीचा सहा गतींचा ६एचपी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स २००१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सिरीजमधून बाजारात आला आणि पुढे जॅग्वार व ऑडीच्या गाड्यांतही बसवला गेला. गाडी थांबताना बसणारा धक्का किंवा ‘डी’मध्ये टाकल्यावर गिअर लागायला होणारा उशीर यांचे मूळ पुष्कळदा व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे ऑइलचा दाब योग्य त्या क्लचकडे वळवणाऱ्या झडपांच्या ठोकळ्यात असते. तरीही आधी ऑइलची पातळी तपासावी आणि पॅन उतरवल्यावर त्यातील चुंबक नीट पाहावेत. चुंबकांवर राखाडी, मऊ लेप असणे स्वाभाविक आहे. धातूचे कपचे मिळाले किंवा ऑइल काळे पडून करपल्याचा वास आला, तर दोष क्लचपर्यंत पोहोचलेला असतो आणि केवळ व्हॉल्व्ह बॉडी दुरुस्त करणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय.

या गिअरबॉक्समध्ये कंट्रोल युनिट व्हॉल्व्ह बॉडीवरच बसवलेले असते, म्हणून बॅटरीची जोडणी काढावी आणि युनिटच्या पिनांना हात लावू नये. विजेच्या कनेक्टरची खिटी सरकवून त्याची बाही (भोवतीची नळी) बाहेर ओढल्यावर फक्त मोठ्या डोक्याचे बोल्ट सोडवावेत. लहान डोक्याचे बोल्ट व्हॉल्व्ह बॉडीचे दोन भाग एकमेकांना धरून ठेवतात.

टेबलावर काम करताना घाई करू नये, कारण दुरुस्तीनंतर उद्भवणारे बरेचसे दोष इथेच जन्म घेतात. दोन भागांमधील सेपरेटर प्लेट (छिद्रे असलेला पत्रा) खालच्या भागाला धरूनच वरचा भाग उचलावा, म्हणजे चेक बॉल (ऑइल एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या गोळ्या) आणि डँपर (दाबाचे धक्के शोषणारे भाग) जागेवरून घरंगळत नाहीत. प्रत्येक पायरीचे छायाचित्र घ्यावे. सुती चिंधी मुळीच वापरू नये, कारण तिचा एक धागासुद्धा व्हॉल्व्ह अडकवायला पुरेसा असतो. प्रत्येक व्हॉल्व्ह त्याच्या स्प्रिंगसह काढून, त्याच क्रमाने मांडून, धुऊन, कॉम्प्रेसरच्या हवेने वाळवावा. ऑइल लावून तो पुन्हा बोरमध्ये, म्हणजे त्याच्या छिद्रात सोडला, की बॉडी कलती करताच तो स्वतःच्या वजनाने सरकला पाहिजे. तो अडला, तर पॉलिश पेपर घासण्याचा मोह आवरावा. घासण्याने व्हॉल्व्हची कड गोल झाली, की दाब तेथून निसटू लागतो. झिजलेला बोर धुण्याने सुधारत नाही, त्यासाठी बोर रीम करून (किंचित मोठा कोरून) मोठ्या मापाचा व्हॉल्व्ह बसवावा लागतो किंवा बॉडीच बदलावी लागते. दुसरी सेपरेटर प्लेट घ्यायची झाल्यास जुन्या प्लेटवर कोरलेला क्रमांक तंतोतंत जुळवावा. सोलेनॉइडचे (विजेवर चालणाऱ्या झडपांचे) रंग वेगवेगळे असतात. त्यांची अदलाबदल करू नये.

जोडणी करताना व्हॉल्व्ह बॉडी आणि गिअरबॉक्स यांच्यामधील ब्रिज सील (ऑइलच्या वाटा जोडणारे रबरी सील), रबरी नळ्या व कनेक्टरची बाही हे भाग जुने ठेवू नयेत, कारण रबर कडक झाले की दाबाची गळती तेथूनच सुरू होते. बोल्ट हाताने बसवून, मध्यापासून बाहेरच्या दिशेने, टॉर्क रेंचने ८ न्यूटन-मीटरवर आवळावेत.

झेडएफचे लाइफगार्ड ६ हे गिअरबॉक्स ऑइल भरताना गाडी सपाट जागी असावी. इंजिन चालू ठेवून ‘आर’ आणि ‘डी’मध्ये काही सेकंद थांबावे, पुन्हा ‘पी’मध्ये यावे आणि ऑइल ३० ते ५० अंश सेल्सिअस असताना भरण्याच्या छिद्रातून बारीक धार येऊ लागली, की बूच लावावे. शेवटी स्कॅनरने जुने अडॅप्टेशन (कंट्रोल युनिटने शिकून साठवलेली मापे) पुसून टाकावे आणि गाडी हलक्या पायाने, सर्व गिअरमधून, शांतपणे चालवून घ्यावी.