पंचेचाळीस-सत्तरची काडतुसं भरताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या जुन्या घरांत ‘ट्रॅपडोर स्प्रिंगफील्ड’ अजून सापडते. 1873 सालची लष्करी एकबारी रायफल. आपला खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 चा, त्यावरून तिच्या वयाचा अंदाज येईल. तिचं काडतूस पंचेचाळीस-सत्तर: गोळीची जाडी इंचाच्या शतांशात पंचेचाळीस आणि काळी दारू सत्तर ग्रेन, म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम. इथल्या नेमबाजीच्या रेंजवर नव्या मंडळींना ही काडतुसं भरायला, म्हणजे रिकाम्या पितळी केसमध्ये (काडतुसाच्या कवचात) प्रायमर (ठिणगी पाडणारी टोपी), दारू आणि गोळी बसवायला, मी बरीच वर्षं शिकवतो आहे आणि दर हंगामात त्याच त्या चुका बघतो. (भारतात परवान्याशिवाय काडतुसं भरणं हा गुन्हा आहे, हे आधीच सांगून ठेवतो.)

पहिली गोष्ट, या बंदुकीत स्मोकलेस पावडर (आजची, जास्त दाबाची बिनधुराची दारू) नको. थोडीसुद्धा नको. दुकानातली तयार काडतुसंही डब्यावरचं वाचूनच घ्या, कारण त्यातली काही आजच्या भक्कम रायफलींसाठी असतात आणि ती ट्रॅपडोरमध्येही छान बसतात. भरायला बसलं की टेबलावर दारूचा एकच डबा. दुसरा कपाटात, कुलपात.

आता ज्या चुकीने माझा जीव खालीवर होतो ती. काडतुसात पोकळी ठेवणं.

तीन वर्षांपूर्वी एक तरुण सासुरवाडीची बंदूक घेऊन आला. बायकोच्या खापरपणजोबांची. “म्हातारी आहे, म्हणून चाळीसच ग्रेन घालतो,” म्हणाला. भावना चांगली होती. पण दारू तळाशी, गोळी वर आणि मधे रिकामी जागा. मी बंदुकीच्या नळीतून गजावर चिंधी घालून सरकवली. सुरुवातीला घट्ट, मग चार बोटांच्या अंतरावर एकदम सैल, लगेच पुन्हा घट्ट. पुन्हा घातली, पुन्हा तेच. नळी आतून गोल फुगली होती, बांगडीसारखी. पोकळी असली की दाब गोळीच्या बुडाशी एकदम उसळतो आणि पोलाद तिथेच फाकतं. सव्वाशे वर्षांहून जास्त टिकलेली नळी काही शनिवारांत गेली. तो मुलगा बराच वेळ बंदूक मांडीवर घेऊन बसून होता.

लष्कराने घोडदळाच्या आखूड कार्बाइनसाठी पंचावन्न ग्रेनचं काडतूस काढलं, तेव्हा उरलेली जागा पुठ्ठा घालून भरून काढली होती. तुम्हालाही कमी दारू हवी असेल तर तेच करा, पुठ्ठ्याच्या चकत्या घाला. उलट बाजूने सत्तरच्या आकड्याचा हट्टही नको. आजच्या पितळी केसचं बूड जाड असतं, आत जागा कमी. साठ बसले तर साठ. गोळी दारूवर टेकलेली हवी, एवढंच बघायचं.

दारू ओततानाही घाई होते. मी दोन फुटी पितळी नळीतून एकेक माप सावकाश सोडतो, दाणे आपोआप दाटून बसतात. मग वर पुठ्ठ्याची चकती आणि ठासायला वेगळी डाय (काडतुसं भरायच्या यंत्रात बसणारा साचा). गोळीनेच दारू ठासणारे महाभाग असतात. वीस भाग शिसं नि एक भाग कथील असलेली ती मऊ गोळी दबून बेढब होते आणि मग निशाण्याला दोष.

गोळीला खनिज तेलाचं ग्रीस लावू नका, डांबरासारखा थर बसतो. मधमाश्यांचं मेण आणि चरबी किंवा ऑलिव्ह तेल, बास.

मळीबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं. काळी दारू जळते तेव्हा निम्म्याहून जास्त भाग घनरूपात मागे उरतो. ही मळी वाळली की पुढची गोळी भरकटते. म्हणून दोन बारांच्या मधे, ब्रीच (नळीचं मागचं, काडतूस घालायचं तोंड) उघडी आणि रिकामी आहे हे बघून, रबरी नळी जोडलेल्या केसमधून मी बंदुकीच्या नळीत तीन-चार लांब श्वास सोडतो. तोंडातल्या दमटपणाने मळी मऊ राहते. उन्हाळ्यात कोरड्या हवेत सहा-सात. “एवढं कशाला?” असं विचारणाऱ्याचं लक्ष्य मी दहाव्या बारानंतर बघतो.

आणि साफसफाई उद्यावर टाकू नका. ही मळी हवेतलं पाणी ओढते, रात्रीत गंज धरते. महागडी सॉल्व्हंट लागत नाहीत, ही मळी पाण्याने सुटते. गरम पाणी, कोरडी चिंधी, मग तेल. केसही तसेच. मी रेंजवरच झाकणाच्या बरणीत साबणाचं पाणी नेतो, प्रत्येक रिकामी केस त्यात टाकतो. घरी पोचेपर्यंत पाणी काळंकुट्ट होतं आणि कुजक्या अंड्यासारखा वास येतो. तो गंधक केसमध्ये राहण्यापेक्षा बरणीत आलेला बरा. प्रायमर काढून, बाटली धुवायच्या ब्रशने आतून घासून, त्याच संध्याकाळी पंख्याखाली वाळत ठेवतो.