व्हेनिसमध्ये घर सापडेना, तेव्हा

रात्री साडेनऊला मी आणि मैत्रीण सांता लुचिया स्टेशनबाहेर पडलो. पत्ता काय, तर ‘कान्नारेजो’ आणि चार आकडी नंबर. गल्लीचं नावच नाही! जड बॅगा उचलत तीन पूल चढलो-उतरलो. मॅप दर वेळी कालव्याच्या काठावर आणून सोडायचा. शेवटी एका बारवाल्याने उलगडा केला: शहराचे भाग सहा, कान्नारेजो त्यातला एक, आणि घरांचे नंबर गल्लीवार नाहीत, अख्ख्या भागात सलग. मग घरमालकिणीला फोन लावला, “गल्लीचं नाव आणि जवळचा वापोरेत्तोचा (तिथल्या जलबसचा) थांबा सांगा.” भिंतीवर पांढऱ्या चौकटीत काळ्या अक्षरांत रंगवलेलं ते नाव दिसलं आणि दहा मिनिटांत दार सापडलं. मैत्रिणीच्या बॅगेचं चाक मात्र दुसऱ्या पुलावरच निखळलं होतं. ते दादरला येऊन बसवलं.