आत्मकथनातले काका आणि वकिलाची नोटीस

आत्मकथनाचं हस्तलिखित संपादनासाठी आलं की मी पुढाऱ्यांची नावं शोधत बसत नाही. माझी पेन्सिल अडते ती चुलते, मेव्हणे आणि जुने मुख्याध्यापक यांच्यापाशी. नोटीस बहुधा तिकडूनच येते.

‘खरं तेच लिहिलंय, मग भीती कसली?’ हे नव्या लेखकाचं ठरलेलं वाक्य. दिवाणी दाव्यात सत्य हा भक्कम बचाव आहे, कबूल. फौजदारी अब्रुनुकसानीत मात्र (पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ४९९, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३५६) खरेपणाच्या जोडीला लोकहितही दाखवावं लागतं. काकांनी दारूपायी घर विकलं, यात कसलं लोकहित? काका वारले म्हणून सुटका नाही. नातलगांना दुखावण्याच्या हेतूने मृताची बदनामी करणं हाही गुन्हाच.

एका हस्तलिखितात वाक्य होतं, ‘तात्यांनी खोटी सही करून आमचा वाटा लाटला.’ कागद आहे का, विचारलं. नव्हता. शेवटी छापलं ते असं: ‘सातबाऱ्यावरून आमचं नाव गेलं. आईने पुन्हा तात्यांच्या घरचं पाणी घेतलं नाही.’ आडून केलेला आरोपही अंगाशी येऊ शकतो, पण निदान इथे लेखिका स्वतः पाहिलेलंच सांगते. शिवाय वाक्य जास्त बोचतं, हा माझा संपादकी स्वार्थ! फेरफाराचा उतारा किंवा कोर्टाचा निकाल हाती असेल तर गोष्ट वेगळी. सार्वजनिक दस्तऐवजावर आधारलेल्या मजकुराला सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या राजगोपाल निकालात मोकळीक दिली आहे.

नाव बदलून गाव, हुद्दा आणि तोतरेपणा तोच ठेवला, तर अख्खा तालुका ओळखतो. लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रीची ओळख तर तिच्या लेखी संमतीशिवाय उघड करूच नका, सख्खी बहीण असली तरी. आणि जुनी पत्रं? कागद तुमचा, मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा. त्याच्या मृत्यूने तो संपत नाही.

जिंकणंही महाग पडतं. खुशवंत सिंग यांच्या आत्मचरित्राला मनेका गांधींच्या दाव्यावरून १९९५ मध्ये मनाई झाली, ती दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २००१ मध्ये उठवली. तोवर पुस्तक अडकून.

म्हणून करारपत्र नीट वाचा. ‘दावा झाल्यास सर्व खर्च लेखकाचा’ हे कलम बहुतेक वेळा शेवटच्या पानावर असतं. छापण्याआधी वकिलाकडून वाचून घेण्याचा खर्च कोण करणार, हे सहीआधीच ठरवा.